डॅटसन २४०झेड: मूळचं सहा सिलिंडर तयार करावं की व्ही-८ बसवावं?

डॅटसन २४०झेड, म्हणजे निसानने डॅटसन या नावाने विकलेली जुनी स्पोर्ट्स कार, नव्याने उभी करायला घेतली की पहिला वाद इंजिनावरून सुरू होतो. मूळचं एल मालिकेतलं सहा सिलिंडर इंजिन आजच्या भागांनी तयार करायचं, की ते उतरवून जनरल मोटर्सचं एलएस मालिकेतलं व्ही-८ (आठ सिलिंडर) किंवा निसानचंच आरबी मालिकेतलं इंजिन बसवायचं? बहुतेक जण अश्वशक्तीचे आकडे शेजारी-शेजारी मांडतात. त्याआधी टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, पाहा, कारण गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, ॲक्सल आणि पत्रा, सगळ्यांवर ताण येतो तो टॉर्कचा. मूळचं २३९३ सीसीचं एल२४ साधारण २०० न्यूटन-मीटर देतं, तर ६.२ लिटरचं एलएस३ ५७५ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिप्पट, आणि तोही १९६९ साली बाजारात आलेल्या, जेमतेम एक टन वजनाच्या गाडीत.

मूळ इंजिन, आजच्या भागांसह

एल२४ वरच खर्च करण्यापेक्षा २७५३ सीसीचं एल२८ शोधलेलं बरं. ते त्याच माउंटवर बसतं आणि त्याच गिअरबॉक्सला जुळतं, शिवाय बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. आणखी पुढे जायचं तर निसानच्याच एलडी२८ डिझेल इंजिनाचा ८३ मिमी स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली धावेचा) क्रँक आणि ८९ मिमीचे पिस्टन घालून ३.१ लिटर होतात. मात्र मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमीचं आहे. तीन मिलिमीटर वाढवण्याआधी सगळ्या सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिक मापकाने तपासून घ्या. ओतकामात गाभा जरा सरकलेला असला तर एका बाजूची भिंत पातळ निघते आणि पुढे चालत्या इंजिनात तिथेच तडा जातो.

हेड निवडताना कॉम्प्रेशनचा, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं त्याचा, हिशेब आधी करा. सुरुवातीच्या ई३१ हेडचा ज्वलनकक्ष लहान आहे. ते हेड सपाट पिस्टनच्या एल२८ वर ठेवलं की कॉम्प्रेशन १० च्या पलीकडे जातं आणि पंपावरच्या साध्या पेट्रोलवर इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके पडतात. ९.५ च्या आसपास राहिलात तर रस्त्यावरच्या गाडीला त्रास नाही. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी व्हॉल्व्ह सीट कठीण धातूच्या करून घ्या.

या इंजिनाचं खरं दुखणं कॅमशाफ्टमध्ये आहे. कॅम पुन्हा ग्राइंड केला की त्याचं मूळ वर्तुळ लहान होतं आणि रॉकरच्या पृष्ठभागावर कॅमची घासण्याची जागा कडेला सरकते. अशा वेळी जाड लॅश पॅड (व्हॉल्व्हच्या टोकावरची टोपी) घालून ती जागा पुन्हा मध्यावर आणावी लागते. रॉकरला निळी शाई लावून इंजिन हाताने फिरवलं की घासलेला पट्टा स्पष्ट दिसतो. हे तपासलं नाही तर कॅम आणि रॉकर दोन्ही खाल्ले जातात. जुना रॉकर नव्या कॅमखाली कधीच घालू नका. कॅमवर तेल फवारणारी नळी ज्या हेडना आहे, तिचे सांधे सैल झालेले असतात, तेही पाहा. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन निवांत चालू ठेवायचं नाही, थेट २००० आरपीएमच्या वर वीस मिनिटं चालवायचं, तेही जस्तयुक्त तेलावर. टॅपेटची फट गरम इंजिनावर इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.३० मिमी.

क्रँकच्या पुढच्या डॅम्परकडे, म्हणजे क्रँकची थरथर शोषणाऱ्या चाकाकडे, फार थोडे जण बघतात. त्यातलं रबर वयाने सुटतं, बाहेरची कडी सरकते आणि तिच्यावरची टायमिंगची खूण चुकीची होते. मग माणूस दिवसभर टायमिंग जुळवत बसतो आणि इंजिन काही सुधारत नाही. लांब क्रँकच्या सहा सिलिंडरला नवा डॅम्पर हवाच.

आधुनिकपणाचा सर्वात मोठा फायदा मिळतो तो इंधन आणि ठिणगीत. क्रँकवर ३६-१ दातांचं (३६ पैकी एक गाळलेलं) चाक, कॉइल पॅक, प्रोग्राम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर, एवढ्यावर थंडीतलं स्टार्टिंग आणि ॲव्हरेज दोन्ही सुधारतं. प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल घेतलात तर मॅनिफोल्डच्या दाबाचा सिग्नल दुबळा आणि थरथरता मिळतो, म्हणून कमी भारावर मॅपिंग (पेट्रोल आणि ठिणगीचं प्रमाण ठरवणं) थ्रॉटलच्या कोनावर करावं लागतं. कार्ब्युरेटरला जेमतेम पाव बार दाब लागतो, इंजेक्शनला तीन बार. तेव्हा पंप, नळ्या, परतीची लाइन आणि टाकीतली पेट्रोल हिंदकळू न देणारी सोय, सगळं बदलायचं. इथे जुनी रबरी नळी ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. नीट बांधलेलं एल२८ २०० ते २५० अश्वशक्ती देतं. मूळचं आर१८० डिफरेन्शियल सांभाळून चालवल्यास ते सोसतं. २८०झेडएक्सचा पाच गिअरचा बॉक्सही फारशा खटपटीशिवाय बसतो.

एलएस व्ही-८

ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं एलएस मूळच्या ओतीव लोखंडी इंजिनापेक्षा फारसं जड नाही आणि लांबीला आखूड असल्यामुळे मागे सरकवून बसवता येतं. त्यामुळे ‘व्ही-८ ने पुढचा भाग जड होतो’ हा आक्षेप इथे टिकत नाही. ट्रकमधलं लोखंडी ब्लॉकचं एलएस मात्र लक्षणीय जड असतं. केवळ सहज मिळतं म्हणून ते घेऊ नका.

खर्च इंजिनावर कमी होतो, त्याच्या भोवतालच्या वस्तूंवर जास्त. पुढच्या क्रॉसमेंबरला न लागणारं ऑइल चेंबर, स्टिअरिंगच्या दांड्याला वळसा घालणारे हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या), माउंट, टी५६ सारखा गिअरबॉक्स, मापाचा प्रोपेलर शाफ्ट, मोठा रेडिएटर आणि शराउडसह पंखे. दोन्ही हेडवरच्या वाफेच्या नळ्या कूलंटच्या सर्वात उंच जागी जोडायच्याच. त्या बंद केल्या की हेडमध्ये हवा अडकते आणि तापमानाचा काटा ठीक दिसत असतानाही तिथे धातू तापतो. पेट्रोलचा दाब इथे चार बार. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पेडल, थ्रॉटल बॉडी आणि ईसीयू एकमेकांना जुळणारेच घ्या, नाहीतर कॉम्प्युटर इंजिन मर्यादित शक्तीवर अडकवून ठेवतो.

मागच्या बाजूला आर१८० टिकत नाही. मर्यादित घसरणीचं, जास्त भक्कम आर२०० डिफरेन्शियल आणि सीव्ही जॉइंटचे हाफ शाफ्ट लागतात. शेवटी पत्रा. फरशीखालच्या पातळ पन्हाळ्या, म्हणजे फ्रेम रेल, पुढून मागपर्यंत जोडून मजबूत केल्या नाहीत तर बॉडी पिळवटते. दरवाजाच्या फटी बदलू लागल्या की हे झालंय असं समजा.

विजेची तर वेगळीच गोष्ट आहे. २४०झेडच्या डॅशमध्ये अँपियर मीटर आहे आणि चार्जिंगचा प्रवाह त्यातून फिरून जातो. नवा शंभरेक अँपियरचा अल्टरनेटर त्या जुन्या वायरीवर जोडला की वायर वितळते. अँपियर मीटर वगळून व्होल्टमीटर लावा, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत फ्यूजसह जाड वायर सरळ न्या आणि इंजिन, बॉडी, बॅटरी तिन्ही जाड अर्थ पट्ट्यांनी जोडा. नवं इंजिन ‘विचित्र वागतं’ तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा दोष अर्थमध्येच सापडतो. एल इंजिनावर ईसीयू घालणाऱ्यांनीही हे करायचंच आहे.

आरबी आणि बॅटरी

आरबी हे निसानच्याच घराण्यातलं सरळ सहा सिलिंडर, म्हणून गाडीला ते शोभतं. आरबी२६ ज्या स्कायलाइन जीटी-आरमधून निघतं ती चारचाकी ड्राइव्हची आहे. पुढचं डिफरेन्शियल तिच्या ऑइल चेंबरला जोडलेलं असतं, ते चेंबर इथे बसत नाही. मागच्या चाकांच्या आरबी२५ चं चेंबर लावावं लागतं, मग थेट टर्बोचं आरबी२५ डीईटी घेणंच सोपं. लोखंडी ब्लॉक आणि टर्बोचं वजन नाकावर येतं, हे मात्र मान्य करून चला.

इंजिन काढून बॅटरी आणि मोटर बसवली, म्हणजे विजेवर रूपांतर केलं, तर गाडी शांत आणि चपळ होते. पण बॅटरीचं वजन पुढे-मागे वाटलं नाही तर या गाडीची हलकी, बोलकी स्टिअरिंग जाते.

दोन्ही मार्गांना लागणारं

गंज आधी. बॅटरीखालचा पत्रा, फ्रेम रेल, उंबरा, मागच्या चाकापुढचा कोपरा आणि काचेखालची पोकळी टोचून पाहा, वरून रंग कितीही चकचकीत असो. पुढच्या डिस्कवर टोयोटाच्या चारचाकी ड्राइव्ह पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर बसतात. पिस्टन मोठे झाले की पेडल खोल जातं, म्हणून १५/१६ इंचाचा मास्टर सिलिंडर घ्या आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल पुन्हा साधा. पुढच्या टेन्शन रॉडला (चाकाचा खालचा आर्म जागी धरणाऱ्या दांड्याला) दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेनचे बुश घालू नका. रॉडला हलायला जागा उरत नाही आणि तो मानेपाशी मोडतो.

कुणी काय घ्यावं

बॉनेटखाली पट्टीवर कोरलेला इंजिन क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळत असेल तर ती गाडी कापू नका. मूळ इंजिन तेल भरून, झाकून बाजूला ठेवा आणि एल२८ बसवा. वळणाच्या रस्त्यांवर चालवायची, लांब पल्ल्याला न्यायची, तरीही माझं मत एल२८ आणि इंजेक्शनलाच. गाडी चारी बाजूंनी संतुलित राहते आणि बदल मागे घेता येतात.

व्ही-८ त्यांनी घ्यावं ज्यांच्या हाती आधीच कापलेली, मूळ इंजिन हरवलेली बॉडी आहे आणि ज्यांच्या हिशेबात डिफ, ब्रेक, फ्रेम रेल आणि वायरिंग इंजिनाच्या आधी आलंय. इंजिन बदलाची नोंदणी आणि धुराचा नियम आपल्याकडे काय आहे, हे कुठलाही भाग विकत घेण्याआधी लेखी विचारून घ्या.

कुठलाही मार्ग घ्या, रंग शेवटी. आधी उघड्या पत्र्यावर इंजिन, बॉक्स, हेडर, सायलेन्सर, रेडिएटर आणि ब्रेक लाइन सगळं नुसते टाके मारून बसवा, बॉनेट बंद करून पाहा, चाकं पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून कुठे घासतंय ते बघा. मग सगळं उतरवा, पक्कं वेल्डिंग करा आणि तेव्हाच प्राइमर लावा.