होळीच्या बाजारातला तीरकामठा: दिसायला झकास, मारायला?

होळीच्या आधीच्या आठवड्यात नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा भोंगऱ्या बाजार भरला की ढोल, घुंगरू आणि मोरपिसांच्या टोपांशेजारी तीरकामठ्यांचीही रांग लागते. लाल-हिरवा ऑइलपेंट, चमकीची पट्टी, दोन्ही टोकांना गोंडे. भिंतीवर टांगायला, नाचात मिरवायला किंवा ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या कार्यक्रमात पाहुण्याच्या हातात द्यायला हा माल उत्तम आहे. बाण सोडायचा विचार असेल तर मात्र त्यातले बहुतेक कामठे बाजूलाच ठेवावे लागतील.

आधी दोरी बघा. सातपुड्यातल्या भिल्लांच्या जुन्या कामठ्याला सूत किंवा आतडं नसायचं, बांबूच्याच सालीची चपटी पट्टी असायची आणि टोकांना ती फासात अडकवलेली असायची. ही पट्टी ताणत नाही, त्यामुळे कामठ्याचा सगळा जोर बाणाला मिळतो. दवानेही ती फारशी सैल पडत नाही. तिचा दोष एकच: एकदा मुडपली की त्याच जागी तुटते. बाजारात आता सर्रास नायलॉनची दोरी लावलेली मिळते. ती तुटत नाही हे खरं, पण ताणते. चार बाण सोडले की ढिली होऊन कामठ्याकडे सरकते आणि मग डाव्या मनगटावर सपकन बसते. सालीच्या दोरीचा कामठा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. ती तासायला जो वेळ आणि हात लागतो, त्याचेच ते पैसे.

मग बांबू. भरीव मानवेल हवा, पोकळ नको. बांबूची ताकद सालीलगतच्या दाट धाग्यांत असते. रंग चिकटावा म्हणून साल खरवडलेली असेल तर ते धागेच कापले गेलेले असतात, आणि वर रंग बसल्यावर हे दिसतही नाही. म्हणून बिनरंगाचा मागा. पेरांवरून बोट फिरवा. गाठ सपाट करण्याच्या नादात तिथे खोल तासलं असेल तर चीर तिथूनच निघणार. कामठा पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. पिवळसर पीठ पडलं तर आत भुंगा आहे, तो कामठा फुकट दिला तरी घेऊ नका. शेवटी दोरी चढवून निम्मी ओढा आणि दुसऱ्याला समोरून बघायला सांगा. मुठीच्या वरचा आणि खालचा भाग सारखा वाकला पाहिजे. एकच बाजू वाकत असेल तर सगळा ताण तिच्यावर येतो आणि कामठा तिथेच मोडतो. मोठ्या माणसाला साडेचार-पाच फुटांचा लागतो. तीन फुटी खेळणं पूर्ण ताणलं की जातंच.

बाणांची अवस्था कामठ्यांपेक्षा वाईट. कांडी बोरूची हवी, हलकी आणि सरळ. बाजारात जाड बांबू फाडून गोल केलेल्या काड्या असतात. सपाट फळीवर बाण लोळवा, उड्या मारत गेला तर वाकडा आहे. बोटावर तोलून पाहा, तोल मध्यापासून टोकाकडे दोन-चार बोटं सरकलेला असावा. पत्रा कापून खिळ्याने ठोकलेली पाती इतकी हलकी असतात की तोल मागेच राहतो आणि बाण हेलकावे खात जातो. खऱ्या पात्याचा दांडा कांडीत घुसवून वरून घट्ट आवळलेला असतो, नाहीतर कांडी उभी फाटते. पिसं नुसती गोंदाने चिकटवलेली असतील तर उन्हाळ्यात सुटतात. ती दोऱ्याने बांधलेली हवीत.

हे असं का झालं, ते गिऱ्हाईक बघितलं की कळतं. मोठ्या जनावराला चपटं पातं, पाखराला बोथट लाकडी बोंड, माशाला आकडा असलेलं टोक, असे बाण वेगवेगळे मागून घेणारा माणूसच उरला नाही. कामठ्याचा मारा जवळचा, त्याला आडोसा लागतो. जंगल विरळ झालं तसा आडोसा गेला, आणि शिंदखेडा-साक्रीकडच्या उघड्या माळावर तर तो आधीही बेताचाच. तिथे फासेपारध्यांच्या फाशांचा जोर होता. इंग्रजी अमलात राखीव जंगलं झाली, साहेबाची बंदुकीची शिकार तेवढी मानाची ठरली. गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पारध्यांवर बसला तो स्वातंत्र्यानंतरही पुसता पुसला गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलंसुरलं संपलं. शिकार थांबली ते ठीकच, चिंकारा आणि माळढोक यांची आजची संख्या बघता दुसरा मार्ग नव्हता. पण पारखणारा गेला की बनवणाराही रंगावरच भागवतो. त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही, सत्काराच्या वस्तूची दोरी कोण ओढून बघतो?

घेणाऱ्याने एक पक्कं लक्षात ठेवावं: ससा आणि तितरसुद्धा संरक्षित आहेत. पिकात डुक्कर शिरतं म्हणून स्वतःच बाण मारणं हाही गुन्हाच, त्याला वनखात्याची लेखी परवानगी लागते. नेम धरायचा तर गवताच्या पेंढ्यावर. मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर बाजारातला कामठा उपयोगाचा नाही. तिरंदाजीच्या इंडियन राउंड या प्रकारात ३० आणि ५० मीटरवर नेम मारायचा असतो, त्यासाठी बांबू-लाकडाचं वेगळं धनुष्य मिळतं.

घरी आणल्यावर दोरी उतरवून ठेवा, नाहीतर कामठ्याला कायमचा बाक येतो. खानदेशातल्या एप्रिल-मेच्या उन्हात बांबू उभा चिरतो, म्हणून पत्र्याखाली किंवा गच्चीवर ठेवू नका आणि महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचा हात फिरवा. बाण न लावता दोरी ओढून सोडायची तर अजिबात नाही. बाणात जाणारा जोर उलटा कामठ्यातच फिरतो आणि चांगला कामठाही एका झटक्यात फुटतो. पाहुण्यांची पोरं हेच आधी करतात, तेव्हा टांगायचा तर उंचावर.

एकंदरीत, शोभेसाठी रांगेतला रंगीत कामठा बिनधास्त घ्या. चालवायचा असेल तर बाजारात फक्त ओळख काढा आणि ऑर्डर थंडीत द्या. तेव्हा तोडलेल्या बांबूला भुंगा कमी लागतो, आणि होळीची घाई नसल्याने तासणाऱ्यालाही सवड असते. सालीची दोरी, बोरूच्या कांड्या, रंग नको, हे तिन्ही आधीच सांगा. दोरी मात्र एक जादा मागून घ्या.