मेटाफेजची स्लाइड आधी बघा, मगच पेटी घ्या

मी निफाड तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. यंदा प्रॅक्टिकलसाठी पेशीविभाजनाचे टप्पे दाखवणाऱ्या, कांद्याच्या मुळाच्या तयार स्लाइड्सची पेटी मागवली. पाच स्लाइड्स, 650 रुपये. दोन महिने वापरतेय.

ॲनाफेजची स्लाइड फार सुंदर आहे. 40च्या ऑब्जेक्टिव्हखाली गुणसूत्रांचे दोन झुपके विरुद्ध टोकांना निघालेले दिसतात, मधे ओढल्यासारखी टोकं मागे राहिलेली. ते बघून एका मुलीने विचारलं, "मॅडम, एखादं ओढायचं राहून गेलं तर?" त्या एका प्रश्नासाठी मला पेटीचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. कारण पेशी तशी घाई करतच नाही. प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे ओढणारे तंतू लागेपर्यंत ती मेटाफेजमध्येच, म्हणजे गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात त्या आधीच्या टप्प्यातच, थांबते. एक जरी मोकळं असलं तरी पुढे जायचं नाही. दारातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरवरचं औषध हेच तंतू बनू देत नाही, म्हणून विभागणारी पेशी तिथेच अडकते. हे सांगितल्यावर मुलं पुन्हा रांगेत उभी राहिली स्लाइड बघायला.

प्रोफेज, टेलोफेज ठीक. इंटरफेजची, म्हणजे विभाजन सुरू होण्याआधीची, स्लाइडही चांगली, केंद्रक स्वच्छ दिसतं.

पण मेटाफेजचीच स्लाइड खराब निघाली. रंग उडालेला, कव्हरस्लिपखाली दोन बुडबुडे, आणि लेबलवर मेटाफेज असूनही पूर्ण शोधल्यावर कशीबशी एक पेशी सापडली. दुकानदार "बदलून देतो" म्हणाले, त्याला महिना झाला.

शेवटी आम्हीच केली. बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवला, तिसऱ्या दिवशी सकाळी मुळांची टोकं कापली. एक भाग ॲसिटिक ॲसिड, तीन भाग अल्कोहोल, त्यात दिवसभर. मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जरा गरम करून ॲसिटोकार्माइन हा रंग, आणि वरून अंगठ्याने दाब. कांद्याची गुणसूत्रं 16. एका पेशीत आमची 14 मोजून झाली, उरलेली दोन एकमेकांवर आलेली. तयार स्लाइडमध्ये मुळाचा काप असतो, गुणसूत्रं एकावर एक येतात, त्यामुळे मोजणं जवळपास अशक्य.

वेळ कमी असेल आणि तुकड्या जास्त असतील तर पेटी जरूर घ्या. फक्त दुकानातच मायक्रोस्कोप मागून मेटाफेजची स्लाइड लावून बघा, बिल नंतर.