अडगळीतली राजदूत ३५० : किंमत गंज बघून करा, पॉलिश बघून नको

विकणाऱ्यानं गाडी दाखवायच्या आधी धुऊन वर डिझेलचा हात मारून ठेवली असेल, तर तिची निम्मी माहिती पाण्याबरोबर वाहून गेली म्हणायची. पेठेतल्या वाड्याच्या बोळात किंवा गोठ्याशेजारच्या पडवीत पोत्याखाली उभी असलेली राजदूत ३५० कोळिष्टकांसकट बघायला मिळाली पाहिजे. तेल कुठून झिरपलंय, कोणत्या नटाचे कोपरे पान्यानं खाल्लेत आणि कोणता फॅक्टरीतून आल्यापासून हललेला नाही, हे त्या मळातच दिसतं.

आधी वस्तूबद्दल. यमाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून ही मोटारसायकल आपल्याकडे बनवली आणि ऐंशीचं दशक संपता संपता ती बंद झाली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. सुरुवातीची हाय टॉर्क ३०.५ बीएचपीची, पेट्रोल फार पिते अशी ओरड झाल्यावर आलेली लो टॉर्क २७ ची. त्या काळची बुलेट ३५० साधारण १८ बीएचपीची होती, म्हणजे तेव्हाच्या रस्त्यावर ही काय चीज होती ते कळेल. अमेरिकेत दांडग्या इंजिनाच्या गाड्यांना मसल कार म्हणतात; आपल्याकडची मसल कार म्हणायची तर हीच. पळायला नाद खुळा, थांबायला मात्र बेताची: जपानी गाडीला पुढं डिस्क होती, आपल्या वाट्याला ७ इंची ड्रम आले. इंजिनाला पाचपैकी पाच, ब्रेकला दोन, आणि तेही घट्ट लायनर असतील तर.

किंमत करताना पहिला नंबर कागदांचा. चेसी नंबर स्टिअरिंग हेडवर, इंजिन नंबर सिलिंडरच्या मागं क्रँककेसवर. दोन्ही आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. नुसतं वाचू नका, कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या. घासून पुन्हा ठोकलेला नंबर डोळ्याला फसवतो, पण ठशात अक्षरांची ओळ वरखाली झालेली आणि भोवतालचा पत्रा गुळगुळीत झालेला लगेच उमटतो. अमेरिकेत मस्टँग-कॅमारोसारख्या जुन्या मसल कारच्या बाजारात इंजिन मूळचंच आहे का यावर किंमत हलते. इथं तर त्यावर गाडी नावावर होणार की नाही हेच ठरतं.

नंबर प्लेटही बोलते. एमएच-०९ ही कोल्हापूरची मालिका नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाल्यानंतरची. म्हणजे १९८५ च्या गाडीवर एमएच-०९ दिसला तर ती मूळची कोल्हापूरची नाही किंवा मध्ये कधीतरी तिचा नंबर बदललाय. त्यात गैर काही नाही, पण मग आधीच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि आधीच्या मालकांची साखळी मागा. जुन्या बुकांची नोंद पुष्कळदा ऑनलाइन चढलेलीच नसते. ती बॅकलॉग एंट्री विकणाऱ्यानं स्वतः करून द्यावी, मगच पैसे. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते किती वर्षं थकलंय तेही बघा. आणि ‘व्हिंटेज आहे, म्हणून हा भाव’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. २०२१ च्या नियमानं व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. पहिल्यात पहिली राजदूत ३५० सुद्धा २०३३ च्या आधी त्यात बसत नाही.

कोल्हापूरचा म्हणून एक वेगळा मुद्दा: पूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, या दोन्ही वेळी पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांत शिरलं तिथली गाडी असेल तर हेडलाइटची काच काढून बल्बमागच्या वाटीत बोट फिरवा. पिठासारखा वाळलेला गाळ बोटाला लागला तर पाणी तिथपर्यंत होतं. इंजिन त्याहून खाली असतं, हे वेगळं सांगायला नको. एअर फिल्टरच्या डब्याचा तळ आणि चेन कव्हरच्या आतली बाजूही बघा. गाळ क्रँकच्या बेअरिंगमध्ये गेला की ते इंजिन फिरत असलं तरी ‘चालू’ या भावानं घ्यायचं नाही.

आता इंजिन, आणि इथं घाई करू नका. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी किक मारून चालू करून दाखवतो म्हणणाऱ्याला थांबवा. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात १० मिली टू-टी ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी सहावा गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवा. फिरलं तर छान. अडलं तर जोर करायचा नाही, रिंग गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि जोर केला की त्या तुटून पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या झरोक्यांत, अडकतात.

मग एक सायलेन्सर सोडवा. हेड न उघडता एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चनं पिस्टनची बाजू सरळ दिसते. चाक हळूहळू फिरवत बघा: रिंग मोकळ्या, स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) तपकिरी आणि एकसारखा असेल तर ठीक. उभ्या चकचकीत रेघा म्हणजे इंजिन पूर्वी कधीतरी पकडलंय, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकलाय. मालक हेड उघडू देत असेल तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मापा. मूळ माप ६४ मिमी, ओव्हरसाइझ पाव-पाव मिमीनं वाढत १ मिमीपर्यंत. ६४.२५ वर असलेलं सिलिंडर म्हणजे पुढं तीन वेळा बोअर काढता येईल. ६५ वर आलेलं म्हणजे आता आत नवी नळी, स्लीव्हच. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

क्रँकची दोन टोकाची सील उभ्या गाडीत वाळून कडक होतातच, त्यामुळं त्यांचा खर्च आधीच धरून ठेवा. क्लचच्या म्हणजे उजव्या बाजूचं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं, उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. डावं गेलं तर धूर नाही, आवाज नाही. हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप चढलेली राहते आणि एक दिवस डावा पिस्टन पकडतो. ‘धूरच नाही बघा’ हे विकणाऱ्याचं वाक्य म्हणून फार आश्वासक नाही.

बाजूच्या कव्हरमागची ऑइल टाकी आणि त्यातलं तेल इंजिनाला आपोआप पुरवणारा ऑटोल्यूब पंप जागेवर आहेत का ते बघा. पुष्कळ मिस्त्रींनी पंप काढून, भोक बुजवून, लिटरला ४० मिली ऑइल पेट्रोलच्या टाकीतच मिसळायचा रिवाज पाडला. गाडी त्यावर चालते, पण पंप नसलेली गाडी मूळची नव्हे, आणि चांगला पंप पुन्हा मिळवणं डोकेदुखी. प्लगची ठिणगी पाडणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर मात्र तक्रार करू नका, फक्त जुनी पॉइंटची प्लेट मागून घ्या. ठिणगीचं टायमिंग पिस्टन वर पोचायच्या २ मिमी आधी, तेही डायल गेजनं. ‘कानानं लावलं’ म्हणणाऱ्याकडून पुन्हा लावून घ्यावं लागतंच.

सायलेन्सरची मूळ जोडी बोटानं वाजवा. मूळ पत्रा जड, भरीव वाजतो, नक्कल डब्यासारखी. खालची शिवण कुजलेली असली तरी मूळ जोडीला मोल आहे, कारण ती सांधता येते. टाकीचंही तसंच: बाहेरून पोचे चालतील, आतून टॉर्च टाकून तळाची शिवण बघा. मूळ रंग फिका, ओरखडलेला असला तरी तो नव्या चकचकीत रंगापेक्षा वर धरा. नव्या रंगाखाली पुट्टी किती आणि जोड किती हे कुणालाच दिसत नाही.

कोल्हापुरात एक सोय आहे: उद्यमनगरात बोअर-होनिंगपासून बुश वळवून घेण्यापर्यंत सगळं एका गल्लीत होतं. पण टू-स्ट्रोकचं काम देताना सांगावं लागतं की बोअर काढल्यावर पोर्टच्या धारदार कडा घासून गोल करा. फोर-स्ट्रोकची सवय असलेला हात ते विसरतो, आणि पहिल्याच ५० किलोमीटरमध्ये रिंग कडेला अडकून तुटते. क्रँकला नवे रॉड घालायचे तर प्रेसवर काम करून, सेंटरमध्ये धरून डायलवर ०.०३ मिमीच्या आत सरळ करणाराच गाठा. हातोड्यानं सरळ करणाऱ्याकडं जाऊ नका.

भाव असा काढा. गावात कागद साफ असलेल्या, रोज चालणाऱ्या गाडीचा जो भाव असेल तो वर लिहा. त्यातून सील, बेअरिंग, पिस्टन, बोअरिंग, टायर, वायरिंग आणि ड्रमचे लायनर हे सगळं पावतीच्या भावानं वजा करा, मजुरीसकट. उरलेल्यात मूळ सायलेन्सर, मूळ मीटर आणि पंप यांचे पैसे परत मिळवा. रंग आणि क्रोम दोन्हीकडं धरू नका. कागद अडलेले असतील तर गाडी नव्हे, सुटे भाग विकत घेताय असं समजून आकडा टाका. तो सुरुवातीला लिहिलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नेऊ नये असं आमचं मत.

आणि पैसे मोजायच्या आधी माळ्यावर चढायला सांगा. बदललेले इंडिकेटर, साइड पॅनेल, टूल किट, कधी जुना हँडलसुद्धा तिथं पोत्यात पडलेला असतो. पैसे हातात पडल्यावर माळ्यावर कुणी चढत नाही.