मधुचंद्रासाठी मालदीव की मॉरिशस?

बेटावरचे आलिशान रिसॉर्ट एवढे नक्की करून शोध सुरू करणाऱ्या जोडप्यापुढे शेवटी बहुधा मालदीव आणि मॉरिशस ही दोनच नावे उरतात. दोन्ही देश हिंदी महासागरात आहेत, दोन्हीकडे भारतीय पासपोर्टवर पोहोचल्यानंतर पर्यटक म्हणून विनाशुल्क प्रवेश मिळतो, आणि टूर कंपन्यांच्या पत्रकांत दोन्हींची छायाचित्रे इतकी सारखी दिसतात की जे स्वस्त पडेल ते घ्यावे असे वाटू लागते. प्रत्यक्षात मालदीवला जाणारा माणूस एक रिसॉर्ट विकत घेतो, तर मॉरिशसला जाणारा एक देश पाहायला जातो आणि रात्री रिसॉर्टमध्ये राहतो. हा फरक आधी मनात पक्का केला, तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

मालदीवमध्ये सुमारे १,२०० छोटी प्रवाळबेटे आहेत. १९७२ मध्ये तिथे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि तेव्हापासून एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी तिथली सर्वसाधारण पद्धत राहिली आहे. त्यामुळे आरक्षण करताना आपण खोलीच नव्हे, तर पुढच्या चार-पाच दिवसांचा किनारा, जेवण, शेजारी आणि पाण्याच्या बाटलीची किंमतसुद्धा निवडत असतो. जेवण आवडले नाही म्हणून बाहेर दुसरीकडे जाऊन जेवावे, ही सोय तिथे नाही. म्हणूनच मालदीवसाठी वेबसाइटवरची छायाचित्रे पाहण्यापेक्षा बेटाचा नकाशा पाहावा. वॉटर व्हिलांची, म्हणजे पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या खोल्यांची, रांग उथळ, वाळूच्या तळाच्या लगूनवर (प्रवाळाने अडवलेल्या शांत पाण्यावर) आहे की प्रवाळाच्या कडेला, हे त्यावरून कळते. वाळूवरच्या व्हिलाखालचे पाणी छायाचित्रात अधिक निळे दिसते, परंतु जमिनीत बसवलेल्या काचेतून खाली पाहिले तर कित्येकदा नुसती वाळूच दिसते, आणि मासे पाहायला बोटीने दूर जावे लागते. उलट, प्रवाळाची कड किनाऱ्यापासून पोहत जाण्याच्या अंतरावर असेल, तर व्हिलाच्या शिडीवरून उतरून थोडे पुढे गेल्यावर कासव किंवा लहान शार्क दिसण्याची शक्यता असते. मात्र त्या कडेपलीकडे पाणी एकदम खोल होते आणि प्रवाहही जोरदार असू शकतो. दोघांपैकी एकालाही नीट पोहता येत नसेल, तर उथळ लगूनवरची व्हिला घेणेच शहाणपणाचे. व्हिला उगवतीच्या बाजूची की मावळतीच्या, यावरही दर बदलतो. मावळतीसाठी जादा पैसे मोजण्याआधी दुपारभर त्याच बाजूने ऊन आत येते, हेही लक्षात घ्यावे.

खर्चाच्या बाबतीत मालदीवची जाहिरातीतली किंमत आणि शेवटचे बिल यांत मोठी दरी असते. खोलीचा दर ६०० डॉलर असेल, तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क धरून ६६० होतात आणि त्या रकमेवर १७ टक्के पर्यटन जीएसटी लागून आकडा ७७२ च्या पुढे जातो. शिवाय माणशी रोजचा १२ डॉलर हरित कर, म्हणजे दोघांचे २४. सहाशेची खोली अशी जवळजवळ आठशेला पडते. सेवाशुल्क आणि जीएसटी जेवणावर, मसाजवर आणि बोटीच्या सहलींवरही लागत असल्यामुळे, फक्त नाश्त्यासह घेतलेली ‘स्वस्त’ खोली तिसऱ्या दिवशी महागात पडू लागते. पूर्ण जेवणाचा किंवा ऑल इन्क्लुझिव्ह दर सुरुवातीला जड वाटला, तरी मालदीवपुरता तोच हिशेबाला खरा ठरतो.

विमानतळापासून बेटापर्यंतचा प्रवास हा खर्चाचा आणखी एक भाग आहे. राजधानी मालेजवळच्या रिसॉर्टांना स्पीडबोट पुरते; दूरच्या प्रवाळसमूहांसाठी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारे छोटे विमान, लागते, आणि त्याचे जाण्यायेण्याचे भाडे माणशी ४०० ते ७०० डॉलरपर्यंत सहज जाते. दोघांचे हजार डॉलर चार रात्रींवर विभागले, तर प्रत्येक रात्र अडीचशे डॉलरने महाग होते, म्हणून चार रात्रींच्या सहलीत सीप्लेनचे बेट घेणे मला तरी पटत नाही. सीप्लेन केवळ उजेडात उडते. मुंबईहून मालेला थेट विमान सुमारे तीन तासांत पोहोचत असले, तरी ते दुपारी साडेतीननंतर उतरणार असेल, तर ती रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढावी लागण्याची शक्यता असते आणि रिसॉर्टची एक रात्र वाया जाते. सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादा साधारणपणे माणशी २० किलो आणि हातात ५ किलो एवढी असते.

मॉरिशसला मुंबईहून थेट विमानाने साडेसहा तासांच्या आसपास लागतात, पण उतरल्यावर गाडीत बसले की तास-दीड तासात बेटाचे कोणतेही टोक गाठता येते. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरच्या या बेटावर डोंगर, दऱ्या, धबधबे, उसाची शेते आणि राजधानी पोर्ट लुईसचा गजबजलेला बाजार आहे. दिवसभरासाठी चालकासह टॅक्सी ठरवली, तर शामारेलची सप्तरंगी माती, ब्लॅक रिव्हरचे खोरे आणि ल मॉर्नचा उभा कडा एका फेरीत होतात. पळून आलेल्या गुलामांच्या आश्रयामुळे ल मॉर्नला २००८ मध्ये, आणि भारतातून करारावर नेलेले गिरमिटिया मजूर जिथे उतरत त्या पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये, जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. त्या मजुरांमध्ये कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठीचे शिक्षण चालू ठेवले आहे आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. लग्न श्रावणाच्या आधी उरकून भाद्रपदात फिरायला निघणाऱ्यांना, समुद्रात होणारे मॉरिशसचे गणेशविसर्जन पाहता येईल.

मॉरिशस कुठे कमी पडते, हेही स्पष्ट सांगायला हवे. पाण्यावरच्या व्हिला तिथे अपवादापुरत्या आहेत. तेच स्वप्न असेल, तर मॉरिशसचा विचार सोडून द्यावा. प्रवाळ आणि मासे यांच्या बाबतीतही मालदीव बरेच पुढे आहे, आणि मॉरिशसच्या लगूनमध्ये समुद्री साळूंचे काटे व प्रवाळाचे तुकडे टोचू नयेत म्हणून पाण्यात जाताना रबरी बूट घालावे लागतात. किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. मोठ्या रिसॉर्टसमोर सहसा गर्दी नसते, पण शेजारच्या किनाऱ्यावर रविवारी स्थानिक कुटुंबे सुरूच्या झाडांखाली डबे उघडून बसलेली असतात. संपूर्ण एकांत हवा असणाऱ्यांना ते खटकेल. मला त्यात उणे काही वाटत नाही.

निर्णय करताना सर्वांत जास्त वजन मी लग्नाच्या तारखेला देईन. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या आपल्या लग्नसराईपैकी डिसेंबर ते एप्रिल हा काळ मालदीवचा कोरडा हंगाम असतो, तर जानेवारी ते मार्च हाच मॉरिशसमध्ये चक्रीवादळांचा आणि दमट पावसाचा मुख्य काळ असतो. मे महिन्यापासून चित्र उलटते. मालदीवमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि दक्षिण गोलार्धातल्या मॉरिशसमध्ये कोरडा, सुखद हिवाळा लागतो. जूनमध्ये मुहूर्त असलेल्यांनी मॉरिशस निवडावे, मात्र हॉटेल पश्चिम किंवा उत्तर किनाऱ्यावरचे घ्यावे, कारण या महिन्यांत आग्नेयेकडून येणारे वारे पूर्व किनाऱ्यावर बेलगाम असतात आणि समुद्राचे पाणीही आपल्या सवयीपेक्षा गार असते. पावसाळ्यात मालदीवचे दर बरेच उतरतात, आणि त्याच काळात, मे ते नोव्हेंबरच्या दरम्यान, बा प्रवाळसमूहातल्या हनिफारू खाडीत मांटा रे मासे गोळा होतात. पोहण्याची आवड असलेल्या जोडप्यासाठी तो सौदा वाईट नाही. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात मात्र मालदीवला जाऊ नये. दर सर्वोच्च असतात आणि ३१ डिसेंबरच्या सक्तीच्या मेजवानीचे पैसे अनेक रिसॉर्ट वेगळे लावतात.

जेवणाविषयी थोडक्यात सांगायचे, तर शाकाहारी माणसाची दोन्हीकडे सोय होते. मॉरिशसमध्ये ती रस्त्यावरही होते, कारण डाळीचे सारण भरलेली, पोळीसारखी ढोल पुरी तिथे गाड्यांवर मिळते. मालदीवमध्ये मद्य मुख्यतः पर्यटकांच्या रिसॉर्टमध्येच मिळते, आणि ड्युटी फ्रीमधून नेलेली बाटली माले विमानतळावर जमा करून घेतली जाते.

राहिला प्रश्न स्वभावाचा. ठरवून झालेल्या लग्नात दोघांची ओळख अजून नवी असेल, तर मालदीवचे पाच रिकामे दिवस मोठे वाटू शकतात. रोज काहीतरी पाहून आल्यावर बोलायला विषय मिळतो, म्हणून अशा जोडप्याला मी मॉरिशसच सुचवेन. वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखणाऱ्या आणि लग्नाच्या धावपळीने थकून गेलेल्या दोघांना मात्र काहीही न करण्याची मुभाच हवी असते, आणि ती मालदीवइतकी चांगली दुसरीकडे क्वचितच मिळते.

कोणतेही ठिकाण ठरले, तरी तिकीट वधूच्या सध्याच्या पासपोर्टवरील नावानेच काढावे; आडनाव बदलण्याचे काम परतल्यावर करता येते. नवविवाहितांसाठीच्या सवलतीला बहुतेक रिसॉर्ट विवाहनोंदणीचा दाखला मागतात, त्यामुळे लग्नपत्रिकेवर भागेल असे धरून चालू नये. टूर कंपनीकडून पॅकेज घेतल्यास त्यावर वसूल केला जाणारा टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून सरकारकडे भरायचा आगाऊ कर) प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो; पावती ज्याच्या पॅनवर हवी, त्याच्याच नावाने आरक्षण करावे.