मेंदूतील अ‍ॅन्युरिझम : क्लिपिंग, कॉइलिंग की केवळ देखरेख?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथे रक्ताच्या प्रवाहाचा मारा अधिक बसतो आणि कालांतराने भिंतीचा दुबळा भाग बाहेरच्या बाजूला फुगून येऊ शकतो. यालाच अ‍ॅन्युरिझम म्हणतात. नातेवाइकांशी बोलताना डॉक्टर सहसा ‘फुगा’ म्हणूनच मोकळे होतात. प्रौढांपैकी सुमारे ३ टक्के लोकांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि त्यांतील बहुतेकांना तो कधी कळतही नाही. ज्यांना कळतो त्यांचे दोन गट पडतात : एक, ज्यांचा फुगा फुटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला आहे, आणि दुसरा, ज्यांनी चक्कर किंवा जुनाट डोकेदुखीसाठी एमआरआय केला आणि अहवालात अनपेक्षितपणे हा शब्द आला. या दोघांना सुचवले जाणारे उपचार नावाने सारखे असले, तरी निर्णयाचे गणित वेगळे असते, हे आधी ध्यानात घ्यावे.

फुगा फुटलेला असेल, तर वाट पाहण्याचा पर्यायच उरत नाही. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात उसळते, उलट्या होतात, मान ताठरते, काही जणांची शुद्ध हरपते. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो, म्हणून शक्य तितक्या लवकर, जमल्यास त्याच अवधीत, फुगा बंद करावा असा आजचा वैद्यकीय प्रघात आहे. मात्र क्लिपिंग (फुग्याला बाहेरून चिमटा लावणे) असो वा कॉइलिंग (फुग्यात आतून तारेची वेटोळी भरणे), दोन्हींमुळे फक्त पुढचा रक्तस्राव टळतो; आधी सांडलेल्या रक्ताचे परिणाम तसेच राहतात. मेंदूतील पाणी साचू शकते; शिवाय चौथ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान मेंदूतील धमन्या आकसू शकतात, आणि त्यासाठी निमोडिपिन हे औषध साधारण २१ दिवस दर चार तासांनी द्यावे लागते. ‘फुगा बंद झाला, मग अजून आयसीयू कशाला?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो. त्याचे उत्तर हे आहे, आणि कोणताही उपचार निवडला तरी ते बदलत नाही.

क्लिपिंग ही जुनी पद्धत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली, तिथून ती सुरू झाली. आज केसांच्या रेषेमागे छेद घेऊन कवटीचा एक तुकडा तात्पुरता काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या घड्या हलकेच अलग करत धमनीपर्यंत पोहोचतात, आणि फुगा जिथून सुरू होतो त्या मानेवर वाळत घातलेल्या कपड्याच्या चिमट्यासारखी टायटॅनियमची लहान क्लिप बसवतात. त्यानंतर शिरेतून एक रंगद्रव्य देऊन सूक्ष्मदर्शकातूनच पाहता येते की फुग्यात रक्त जाणे थांबले आहे आणि शेजारच्या बारीक धमन्या वाहत आहेत. नसल्यास क्लिप काढून पुन्हा बसवता येते. काम नीट झाले तर ते बहुधा कायमचे असते. त्याची किंमत म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, बरे व्हायला लागणारे काही आठवडे, कानशिलावरचा स्नायू दुखावल्याने काही काळ जबडा पूर्ण न उघडणे आणि फिट येण्याची काहीशी अधिक शक्यता.

कॉइलिंगमध्ये कवटी उघडावी लागत नाही. गुइडो गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी लॉस एंजेलिस येथे विकसित केलेली, विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने सुटी होणारी प्लॅटिनमची कॉइल १९९० मध्ये प्रथम रुग्णांत वापरली गेली. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून एक नळी रुग्णाच्या मानेतील धमनीपर्यंत आणि तिच्यातून आणखी बारीक नळी फुग्याच्या आत नेली जाते. पहिली कॉइल आतून फुग्याचा आकार धरते आणि पुढच्या लहान-लहान कॉइल मधली पोकळी भरत जातात. रक्त तिथेच गोठते. फुग्याचे तोंड रुंद असेल, तर कॉइल मुख्य धमनीत सरकण्याची भीती असते आणि मग बलून किंवा स्टेंटचा आधार घ्यावा लागतो. काही फुग्यांसाठी फ्लो डायव्हर्टर म्हणजे दाट विणीची जाळी मुख्य धमनीतच बसवतात, जेणेकरून फुग्यातला प्रवाह मंदावून तो काही महिन्यांत आपोआप बंद व्हावा.

या दोहोंची थेट तुलना करणारा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास ‘आयसॅट’ या नावाने ओळखला जातो. फुटलेल्या फुग्याच्या २,१४३ रुग्णांवरचे त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले : एका वर्षानंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण कॉइलिंगच्या गटात सुमारे २४ टक्के, तर क्लिपिंगच्या गटात सुमारे ३१ टक्के होते. पुढील काळात पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण कॉइलिंगमध्ये थोडे जास्त आढळले, पण सुरुवातीचा फायदा त्याने पुसला गेला नाही. हे आकडे दाखवून ‘कॉइलिंगच चांगले’ असे सांगितले जाते, तेव्हा एक गोष्ट बहुधा गाळली जाते. अभ्यासात तेच रुग्ण घेतले होते ज्यांचा फुगा दोन्ही उपचारांना योग्य आहे असे डॉक्टरांना वाटले. त्यासाठी तपासलेल्या रुग्णांची संख्या ९,५०० हून अधिक होती. अमेरिकेत फिनिक्स येथील बॅरो संस्थेच्या अभ्यासात अशी निवड न करता रुग्ण घेतले, तेव्हा कॉइलिंगसाठी नेमलेल्या रुग्णांपैकी एकतृतीयांशाहून अधिक जणांना प्रत्यक्षात क्लिपिंगकडे वळवावे लागले. तिथेही पहिल्या वर्षी कॉइलिंग सरस ठरले, पण पुढे मेंदूच्या पुढील भागातील फुग्यांच्या बाबतीत फरक उरला नाही. मागील भागातील फुग्यांच्या बाबतीत मात्र कॉइलिंगची सरशी टिकून राहिली.

म्हणून माझ्या मते ‘कोणती पद्धत चांगली’ यापेक्षा ‘हा फुगा कुठे आहे आणि त्याची मान कशी आहे’ हा प्रश्न आधी विचारावा. मेंदूच्या खोल, मागील भागातील, विशेषतः बॅसिलर धमनीच्या टोकावरचा फुगा शस्त्रक्रियेला अवघड असतो. तिथे नळीचा मार्ग श्रेयस्कर. उलट कानशिलाच्या आत असलेल्या मिडल सेरेब्रल धमनीवरचा रुंद मानेचा फुगा, ज्याच्या मानेतूनच फांद्या निघतात, तो क्लिपिंगने अधिक स्वच्छपणे बंद होतो. आणि फुटल्यावर तिथे रक्ताची मोठी गुठळी झाली असेल, तर ती काढण्यासाठी कवटी उघडावी लागणारच असते. वय ७० च्या पुढे, हृदय कमजोर किंवा रुग्णाची स्थिती गंभीर असेल, तर पारडे कॉइलिंगकडे झुकते. वय ३५ आणि समोर पुढची चाळीस वर्षे असतील, तर क्लिपिंगच्या टिकाऊपणाला वजन येते. ‘डोके उघडायचे नाही’ एवढ्याच कारणाने तरुण रुग्णाच्या घरच्यांनी क्लिपिंग बाद करू नये, असे मला ठामपणे वाटते.

फुगा न फुटलेला असेल, तर तिसरा पर्याय समोर येतो : नियमित देखरेख. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, पूर्वी कधी रक्तस्राव न झालेल्या लोकांमधील पुढच्या भागातील ७ मिलिमीटरहून लहान फुगे पाच वर्षांत जवळपास फुटलेच नाहीत. ७ ते १२ मिलिमीटरच्या फुग्यांत हे प्रमाण २.६ टक्के, तर २५ मिलिमीटरहून मोठ्यांत ४० टक्के होते. मागील भागातील ७ ते १२ मिलिमीटरच्या फुग्यांत मात्र तेच १४.५ टक्के. जपानमधील २०१२ च्या पाहणीत सर्व आकार मिळून वर्षाला सुमारे १ टक्का इतका धोका दिसला. दुसरीकडे उपचारांतील गुंतागुंतीचे प्रमाण, अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यास, नळीच्या मार्गाने सुमारे ५ टक्के आणि शस्त्रक्रियेने सुमारे ८ टक्के येते. हा धोका उपचाराच्या दिवशीच पत्करायचा असतो, तर फुटण्याचा धोका वर्षानुवर्षांवर विभागलेला असतो. त्यामुळे ६५ वर्षांच्या व्यक्तीच्या ४ मिलिमीटरच्या गुळगुळीत फुग्याला हात न लावणे हाही पूर्ण विचारान्ती घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो, दुर्लक्ष नव्हे. आकार वेडावाकडा असणे, मोठ्या फुग्यावर दुसरा लहान फुगा दिसणे, घरात दोघांना असा रक्तस्राव झालेला असणे किंवा पूर्वी स्वतःचाच दुसरा फुगा फुटलेला असणे, यांमुळे हिशोब उपचाराकडे झुकतो.

देखरेख निवडली, तर पहिली तपासणी ६ ते १२ महिन्यांत आणि पुढे एक-दोन वर्षांनी करतात; फुगा वाढलेला दिसला, तर निर्णय बदलतो. विडी-सिगारेट पूर्ण बंद करणे आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे या दोन गोष्टी धोका खरोखर कमी करतात. खोकला, जिने चढणे, संसार यांची भीती बाळगून घरात बसण्याची मात्र गरज नसते.

उपचारांनंतरचे आयुष्यही तुलनेत धरावे, कारण ते बोलण्यातून नेहमी सुटते. कॉइल भरलेल्या सुमारे पाचांपैकी एका फुग्यात पुन्हा रक्त शिरू लागते आणि दहांपैकी एकाला पुन्हा उपचार लागतो, म्हणून सहा महिन्यांनी आणि त्यानंतरही अँजिओग्राफी करावी लागते. स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर बसवल्यास अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी काही महिने एकही दिवस न चुकवता घ्यावी लागते; ती मनाने बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. दात काढायचा झाला किंवा पावसाळ्यात डेंग्यू होऊन प्लेटलेट उतरल्या, तरी आधी उपचार केलेल्या डॉक्टरांना विचारूनच गोळ्यांबाबत ठरवावे. ज्यांना गावाहून शहरात वारंवार येणे किंवा गोळ्यांचे वेळापत्रक पाळणे जमणार नाही, त्यांनी हे आधीच मोकळेपणाने सांगावे. आजच्या टायटॅनियम क्लिप आणि प्लॅटिनम कॉइल असताना एमआरआय करता येतो, पण रुग्णालयातून मिळणारे इम्प्लांट कार्ड जपून ठेवावे.

खर्चाच्या बाबतीत आपल्याकडे कॉइलिंग बहुधा महाग पडते, कारण प्रत्येक कॉइलची किंमत वेगळी लागते आणि फ्लो डायव्हर्टरचा खर्च लाखांत जातो. अंदाजपत्रक मागताना किती कॉइल धरल्या आहेत, जास्त लागल्यास काय, आणि पुढची अँजिओग्राफी त्यात आहे का, हे लेखी घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारावे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. शक्यतो जिथे दोन्ही उपचार करणारे डॉक्टर एकत्र बसून चर्चा करतात अशा ठिकाणचे मत घ्यावे. फुगा न फुटलेला असल्यास दुसऱ्या मतासाठी चार-आठ दिवस नक्कीच हाताशी असतात, आणि त्यासाठी अहवालाचा कागद पुरत नाही : अँजिओग्राफीची मूळ सीडीच सोबत न्यावी, कारण फुग्याची मान डॉक्टरांनी स्वतः पाहावी लागते.