मेळघाटात नेटशिवाय आर्कजीआयएस प्रो: आठ महिन्यांनंतर

धारणी तालुक्यात आम्ही पाणलोटाची कामं करतो. परतवाडा सोडून घाट चढायला लागलं की नेटवर्कचा भरवसा संपतो. बांध कुठे घालायचा, समतल चर कुठून काढायचे, हे गावातच, लोकांसमोर ठरावं असा माझा आग्रह असतो. त्यासाठी लॅपटॉपवर आर्कजीआयएस प्रो, म्हणजे आमचं नकाशे काढण्याचं आणि तपासण्याचं सॉफ्टवेअर, नेटशिवाय चालायला हवं. आठ महिने तसं वापरतेय.

मूळ सोय सोपी आहे. नेट असताना लॉगिन करायचं, सेटिंग्जमध्ये लायसन्सिंग उघडायचं आणि ऑफलाइन काम करण्याच्या परवानगीची चौकट टिक करायची. लायसन्स त्या लॅपटॉपवर उतरतं आणि पुढे लॉगिन विचारलं जात नाही. महिन्याभरात एकदा तरी नेटला जोडा, अशी अट काही सॉफ्टवेअरना असते, त्या तुलनेत मला हे फार निश्चिंत वाटलं.

पण टिक केली म्हणजे लॅपटॉप तयार झाला, असं समजू नका. पहिल्या फेरीत मी तेच समजले. शाळेच्या वर्गात पंचवीस-तीस माणसं बसलेली, प्रोजेक्टर लावलेला, आणि नकाशाच्या जागी पांढरा पडदा! प्रोग्राम चालू होता, पण पार्श्वभूमीचा नकाशा नेटवरून येणारा होता आणि मी तो बदललाच नव्हता. माणसं रोजगार बुडवून आली होती, ते मनाला लागलं. आता ऑप्शन्समध्ये बेसमॅप 'काही नाही' ठेवते. उपग्रह चित्र, नाले, गावाची शीव, सगळं लॅपटॉपच्या डिस्कवर असतं. मदतीची पानंही नेटवरच उघडतात, म्हणून ऑफलाइन हेल्प वेगळी इन्स्टॉल करून घेतली.

दुसरी गोष्ट एक्स्टेन्शनची, म्हणजे प्रोला जोडायच्या जादा भागाची. पाणलोट आखायला स्पेशियल ॲनालिस्ट नावाचं एक्स्टेन्शन लागतं. लायसन्स उतरवताना ते तुमच्या नावावर असेल तरच सोबत येतं. नंतर ॲडमिननं दिलं तर लायसन्स परत करून पुन्हा उतरवावं लागतं. निघण्याआधी फ्लो ॲक्युम्युलेशन (पाणी कुठे गोळा होतं ते काढणारं त्यातलं साधन) एकदा चालवून बघा, तेही वायफाय बंद करून आणि लॅपटॉप रीस्टार्ट करून. माझी ही चाचणी आता आदल्या रात्री न चुकता होते.

एवढी तयारी कशासाठी, ते एका सकाळी नीट उमगलं. जमिनीच्या उंचीच्या डेटावरून मी नाल्याची रेघ काढली होती; त्यात जमीन ३० मीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेली असते. एक चौकोन म्हणजे ९०० चौरस मीटर जमीन. लहान ओहोळ त्यात सहज सरकतो. एक आजोबा उठले, म्हणाले, "बाई, पाणी इथून नाही, त्या मोहाच्या पलीकडून येतं." आम्ही चालत गेलो, जीपीएसवर बिंदू घेतला, परत येऊन तिथून पाणलोट पुन्हा काढला. बांधाची जागा तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत बदलली. अमरावतीला परतून हे केलं असतं तर पुढच्या फेरीपर्यंत आजोबांना उत्तर मिळालं नसतं. माझ्या दृष्टीनं ऑफलाइन लायसन्सची खरी किंमत ही.

त्याचा एक भार मात्र आहे. ऑफलाइन उतरवलेलं लायसन्स त्या एकाच यंत्राला बांधलं जातं. मी गावात असताना त्याच लॉगिननं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर प्रो उघडत नाही. सहकाऱ्याला तातडीनं नकाशा छापायचा होता आणि तो अडकला. चूक माझी, मी आधी सांगितलं नव्हतं. आता ऑफिसच्या फळ्यावर माझ्या फेरीच्या तारखा लिहिलेल्या असतात.

लॅपटॉप दुरुस्तीला देणार असाल किंवा फॉरमॅट करणार असाल, तर आधी लायसन्स परत करा. त्यासाठीही नेट लागतं. माझा कीबोर्ड बिघडला तेव्हा दुकानाच्या दारात आठवलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चौकटीतली टिक काढली आणि मगच लॅपटॉप आत दिला.

नकाशा नुसता बघायचा, रेघा ओढायच्या एवढंच काम असेल, तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात लायसन्स उतरवावंच लागत नाही, त्यामुळे ही धावपळही नाही. आमचे जुने प्रोजेक्ट आणि साचे सगळे प्रोमध्ये आहेत, म्हणून मी इथेच आहे. उतरताना परतवाड्याला चहाला थांबतो तेव्हा फोनला नेट येतं. लायसन्स तिथेच परत करते आणि ऑफिसला फोन लावते.