बोरस्कोप: ताठ घ्यावा की व्हिडिओवाला?

नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीच्या कामाला लागलेली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. बोरस्कोप म्हणजे इंजिन न उघडता आत डोकावायची नळी. ताठ बोरस्कोपच्या नळीत भिंगांची रांग असते. चित्र स्वच्छ, किंमत कमी. टोकाला प्रिझम असेल तर बाजूचंही दिसतं. पण नळी सरळ जाईल तिथवरच. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा बघायला पुरे.

ज्वलनकक्ष नि टर्बाइनची पाती म्हटलं की मात्र व्हिडिओवालाच. साधारण ६ मिमी जाडीची लवचिक नळी, जॉयस्टिकने चारी बाजूंना वळणारं टोक. मुख्य म्हणजे तडा किती लांब हे पडद्यावरच मोजता येतं, आणि इंजिन विमानावर तसंच ठेवायचं की काढून उतरवायचं हे त्या मापावर ठरतं. फक्त इंजिन निवल्याशिवाय टोक आत घालू नका; नागपूरच्या मे महिन्यात ते लवकर निवतही नाही!